घरच्यासाठी पहिला नॅस घेतला, त्याचा अनुभव

घरात तिघांचे फोन कायम फुल, फोटो तीन-चार एक्सटर्नल हार्डडिस्कवर विखुरलेले आणि कुठली डिस्क कधी मान टाकेल याचा नेम नाही, म्हणून शेवटी नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडून सगळ्यांनी वापरायचा डिस्कचा डबा, घ्यायचं ठरवलं आणि सिनॉलॉजी कंपनीचा डीएस२२३जे घेतला. एक बे (डिस्क बसवायचा कप्पा) वाला स्वस्त पडतो पण त्यात डिस्क गेली की सगळंच गेलं, म्हणून दोन बेच बघा. यात रॅम १ जीबीच आहे आणि वाढवता येत नाही, पण फोटो नि फाइली ठेवायच्या तर चालतंय की, डॉकर (नॅसवरच वेगवेगळी सॉफ्टवेअर चालवायची सोय) वगैरे खेळ करायचे असतील तर मात्र याच्या नादी लागू नका.

खरं डोकं लावायचं ते डिस्कवर. सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी लिहिणारी) वालीच घ्या, एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला मंद) घेतली तर एक डिस्क बदलून रिबिल्ड (नव्या डिस्कवर डेटा परत भरणं) करताना जाम रडवते. मी ४ टीबीच्या दोन आयर्नवुल्फ (सीगेटच्या नॅससाठीच्या डिस्क) टाकल्या, रेड १ मध्ये (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) वापरायला ४च मिळतात, सासूबाई म्हणाल्या अर्धे पैसे पाण्यात :)

राउटरला केबलनेच जोडा, गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातं. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, चुकून डिलीट केलं तर दोन्हीकडून उडतं, म्हणून जुनी यूएसबी डिस्क मागे लावून हायपर बॅकअप (सिनॉलॉजीचं बॅकअप सॉफ्टवेअर) रात्री चालू ठेवलाय.