सिझेरियननंतर जखमेचा संसर्ग : अँटिबायोटिकच्या बाबतीत या चुका टाळा

सिझेरियनची जखम चिघळू नये म्हणून अँटिबायोटिक जवळजवळ सगळीकडेच दिले जाते, परंतु ते केव्हा दिले याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची चूक हीच आहे. त्वचेवर चीर पडताच जंतूंना आत शिरायला वाट मिळते. त्या क्षणी ऊतींमध्ये औषध पुरेशा प्रमाणात असेल तरच त्यांना अटकाव होतो. म्हणून पहिला डोस चीर देण्यापूर्वीच्या ६० मिनिटांत शिरेतून दिला गेला पाहिजे. औषध बाळापर्यंत पोहोचू नये म्हणून पूर्वी तो नाळ बांधल्यावर देत असत. मात्र दोन्ही पद्धतींची तुलना झाली तेव्हा आधी डोस मिळालेल्या मातांमध्ये संसर्ग कमी आढळला आणि बाळांना त्यामुळे अपाय झाल्याचे दिसले नाही. तातडीच्या शस्त्रक्रियेत घाईगर्दीमुळे हा डोस राहून जाऊ शकतो, तेव्हा चीर देण्यापूर्वीच्या तपासणी-यादीत त्याची नोंद हवीच.

सामान्यतः सेफाझोलिन २ ग्रॅम देतात. वजन १२० किलो किंवा अधिक असल्यास ३ ग्रॅम. कळा सुरू झाल्यावर किंवा गर्भजलाची पिशवी फुटल्यावर सिझेरियन करावे लागले, तर सोबत अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम शिरेतून दिल्याने लाभ होतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील मोठ्या चाचणीत अशा स्त्रियांमधील संसर्गाचे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आले.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडूनही केवळ खबरदारी म्हणून पाच-सात दिवस औषध चालू ठेवणे ही दुसरी चूक. त्याने संरक्षण वाढल्याचे सिद्ध झालेले नाही. जुलाब आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र वाढू शकतात. रक्तस्राव १५०० मिलिलिटरपेक्षा जास्त झाला किंवा शस्त्रक्रिया फार लांबली, तर मात्र डोस पुन्हा द्यावा लागतो, आणि नेमके तेव्हाच तो विसरला जाण्याचा धोका असतो.

पेनिसिलिनची अॅलर्जी असल्यास नेमके काय झाले होते, हे मातेने आधीच स्पष्ट सांगावे. केवळ मळमळ झाली असेल तर ती अॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी उठणे किंवा श्वास कोंडणे ही गंभीर बाब आहे आणि त्यानुसार औषध बदलावे लागते.

संसर्ग बहुतेकदा घरी गेल्यानंतर उघड होतो. टाक्यांभोवती वाढती लाली, पू, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा ३८ अंश सेल्सिअस अथवा त्याहून अधिक ताप दिसल्यास घरात उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. साठलेला पू जखम मोकळी करून काढावा लागतो, आणि अर्धवट औषधाने ताप दबला तर तेवढ्या काळात संसर्ग खोलवर पसरू शकतो.