रोलिंग ऑफसेट: पाइप कापायच्या आधीचं गणित

आयटीआयतून नवीन आलेली पोरं आयसो, म्हणजे पाइपलाइनचं आयसोमेट्रिक ड्रॉइंग, हातात घेतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "काका, याला त्रिकोणमिती लागते का?" लागते, पण तक्ते नकोत. १.४१४ आणि ०.४१४ हे दोन आकडे पाठ करा. ४५ अंशाच्या एल्बोचं, म्हणजे पाइप वळवणाऱ्या तुकड्याचं, बहुतेक काम त्यांच्यावरच निघतं.

समजा ४ इंची लाइन आहे. ती ३०० मिमी खाली उतरवायची आणि त्याच तुकड्यात ४०० मिमी उजवीकडे न्यायची. अशी एकदम दोन दिशांना सरकणारी तिरकी लाइन म्हणजे रोलिंग ऑफसेट. दोन्ही टोकांना ४५चे एल्बो. चित्र डोळ्यांसमोर येत नसेल तर एक खोकं मनात धरा: उंची ३००, रुंदी ४००. आपला पाइप म्हणजे त्या खोक्यात एका कोपऱ्यातून थेट समोरच्या कोपऱ्यात तिरकी घातलेली काठी.

३००चा वर्ग ९०,०००, ४००चा १,६०,०००. बेरीज २,५०,०००, वर्गमूळ ५००. हा खरा ऑफसेट. ४५ला लाइन पुढेही तेवढीच सरकते, म्हणजे खोक्याची लांबी ५००. तेवढी जागा साइटवर मोकळी आहे का, हे आधी टेप लावून बघा. आता ५०० गुणिले १.४१४, म्हणजे ७०७. हे सेंटर टू सेंटर झालं, म्हणजे एका एल्बोच्या सेंटरपासून दुसऱ्याच्या सेंटरपर्यंत, पाइपची लांबी नव्हे.

इथेच मी एकदा फसलो होतो. शटडाऊनची रात्रपाळी, आणि ४ इंची एल्बो म्हटलं की डोक्यात १५२ बसलेलं. दोन्ही बाजूंनी १५२ आणि दोन रूट गॅपचे (वेल्डसाठी सोडायच्या फटींचे) ६ वजा करून ३९७चा तुकडा कापला. १५२ हा ९०च्या लाँग रेडियस (मोठ्या वळणाच्या) एल्बोचा टेक-ऑफ, म्हणजे एल्बोच्या सेंटरपासून तोंडापर्यंतचं माप. ४५ला त्याला ०.४१४ने गुणायचं असतं, ६३ येतात, तक्त्यात ६४ दिलेत. तुकडा १७६ मिमी आखूड पडला, आणि पहाटे स्टोअर उघडेपर्यंत वेल्डर नुसता बसून होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं.

म्हणून बरोबर हिशेब असा: ७०७ वजा ६४ वजा ६४, राहिले ५७९. त्यातून दोन रूट गॅप जातील. डब्ल्यूपीएसमध्ये, म्हणजे वेल्डिंगच्या लेखी पद्धतीत, असेल तोच गॅप धरा. ३ मिमी असेल तर ६ गेले. कापायचा पाइप ५७३.

तक्त्यावर विसंबून राहू नका, हातातला एल्बो मोजा. ९०चा एल्बो सपाट प्लेटवर एका तोंडावर उभा करा. दुसऱ्या तोंडाची वरची कड आणि खालची कड, दोन्ही प्लेटपासून मोजा, बेरीज करून निम्मं करा. ४ इंचीला २०९ आणि ९५ च्या आसपास येतं, म्हणजे १५२.

आता एल्बो फिरवायचा किती? बरेच जण इथे नजरेने लावतात आणि फ्लँजवर (बोल्टच्या जोडावर) जाऊन अडकतात. ३०० भागिले ४०० म्हणजे ०.७५, कॅल्क्युलेटरवर त्याचा टॅन इन्व्हर्स घेतला की कोन जवळजवळ ३७ अंश. ४ इंची पाइपचा बाहेरचा व्यास ११४.३, घेर ३५९ मिमी. म्हणजे एक अंशाला जवळजवळ एक मिलिमीटर! मला हे कळलं त्या दिवशी दुपारचा डबा राहून गेला, तासभर नुसता खडूने खुणा करत बसलो होतो. लेव्हलने पाइपचा माथा काढा, तिथून उजवीकडे घेरावर ९० मिमी मोजलं की बाजूचं सेंटर मिळतं. तिथून आणखी ३७ मिमी खाली खडूची खूण करा. एल्बोचा पोटाकडचा (वळणाच्या आतल्या बाजूचा) मध्य त्या खुणेवर आणा आणि टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारा. दुसऱ्या टोकाचा एल्बो त्याच तिरक्या प्रतलात पण उलटा बसेल, म्हणजे लाइन पुन्हा मूळ दिशेला समांतर धावेल.

६ इंचीला ही सोय नाही. घेर ५२९, म्हणून अंशाला १.४७ मिमी धरा, ३७ अंशाला ५४.

टॅक मारल्यावर पूर्ण वेल्डिंगच्या आधी ३०० आणि ४०० दोन्ही मापं पुन्हा घ्या, गुण्या आणि ओळंबा लावून.