सूर्यकंपास: बनवायचा कसा, वापरायचा कसा आणि चुकतो कुठे

लोखंडी ट्रकमध्ये चुंबकीय होकायंत्र ठेवलं की ते उत्तर दाखवत नाही, ट्रक दाखवतं. त्या चुकीचा तक्ता करून दुरुस्ती लावता येते; पण मागे लादलेली पेट्रोलची पिंपं रोज रिकामी होतात, दारूगोळा कमी होतो, मशीनगन इकडची तिकडे हलते आणि तक्ता निरुपयोगी ठरतो. खरी दिशा हवी तर दर वेळी ट्रक थांबवायचा, होकायंत्र घेऊन बरंच लांब चालत जायचं आणि मग बघायचं. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर जायचं असेल तर हे परवडत नाही.

राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९२०-३०च्या दशकांत फोर्ड गाड्या घेऊन इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात भटकताना यावर सूर्यकंपासचा, म्हणजे उभ्या काडीच्या सावलीवरून दिशा सांगणाऱ्या तबकडीचा, उपाय बसवला. १९४०च्या जुलैत, दुसऱ्या महायुद्धात, मध्यपूर्वेतल्या ब्रिटिश सैन्याचा प्रमुख जनरल वेव्हेल याच्या परवानगीने त्याने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप हे वाळवंटात लांबवर गस्त घालणारं दल उभं केलं (सुरुवातीला नाव वेगळं होतं). पहिले जवान बहुतेक न्यूझीलंडचे, गाड्या दीड टनी शेव्हरोले ट्रक, आणि दिशा दाखवायला हाच कंपास. भारतीय घोडदळाच्या रेजिमेंटांतून उभी राहिलेली इंडियन लाँग रेंज स्क्वाड्रन पुढे याच दलाबरोबर काम करत होती. शत्रूच्या मागे शेकडो किलोमीटर जाऊन परत यायच्या या पद्धतीचं मर्म समजून घ्यायचं असेल, तर बंदुकांची यादी पाठ करण्यापेक्षा हे उपकरण एकदा हाताने करून पाहावं. खर्च शे-दोनशे रुपये.

तबकडी

साहित्य: १२ मिमी प्लायवूडची २० सेमी चौरस पाटी, ६ मिमी प्लायची १५ सेमी व्यासाची गोल तबकडी, सायकलचा एक सरळ स्पोक (जाडी साधारण २ मिमी), रबराचा वॉशर, एम-सील, गुण्या आणि छोटी पाणसळ. मूळ तबकडी तळहाताएवढीच असे. आपण मोठी घेतोय कारण ७.५ सेमी त्रिज्येवर एक अंश १.३ मिमीचा होतो आणि नुसत्या डोळ्याने वाचता येतो.

तबकडीच्या कडेने ० ते ३५९ अंश घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आखा. छापील अंशचक्र चिकटवलं तरी चालेल, पण भोक आणि चक्राचं केंद्र तंतोतंत जुळलं पाहिजे. केंद्र १ मिमीने सरकलं तर पाऊण अंशाची चूक येते. शिवाय ती सगळीकडे सारखी नसते. एका बाजूला अधिक, दुसऱ्या बाजूला उणी, म्हणून वजा करून काढताही येत नाही.

स्पोक पाटीच्या खालून वर घाला, त्याचं वाकडं टोक पाटीखाली खाच पाडून बसवा आणि एम-सीलने पक्कं करा. वर वॉशर, त्यावर तबकडी. तबकडी हाताने फिरली पाहिजे, धक्क्याने नाही. तबकडीच्या वर स्पोक १० सेमी ठेवून कापा. एवढ्या उंचीच्या स्पोकची सावली सूर्य ५३ अंश वर येईपर्यंत कडेच्या आकड्यांना भिडते. त्यानंतर ती आखूड होते आणि पट्टी लावून वाढवून वाचावी लागते. शेवटी पाटीवर एक ठळक बाण काढा. तो गाडीच्या नाकाच्या दिशेने राहील.

आता गुण्या घ्या आणि स्पोक दोन बाजूंनी तपासा. इथे आळस केला तर पुढचं सगळं फुकट. स्पोक सूर्याच्या दिशेला काटकोनात २ अंश कलला असेल, तर सूर्य ३० अंशांवर असताना चूक सव्वा अंशाच्या आत राहते, पण ६० अंशांवर ती साडेतीन अंश होते. साडेतीन अंश म्हणजे १०० किलोमीटरला ६ किलोमीटर बाजूला. विहीर गाठायची असेल तर तेवढं पुरे. पाटी तिरकी असली तरी हीच चूक होते, म्हणून पाणसळ पाटीवरच चिकटवून टाका.

वेळ

कंपास सोपा आहे, घड्याळ अवघड. सावली कुठे पडावी हे स्थानिक सूर्यवेळेवर ठरतं, आपल्या मनगटावरच्या वेळेवर नाही. दोन दुरुस्त्या लागतात.

पहिली रेखांशाची: प्रत्येक अंशाला ४ मिनिटं. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्वेची, पुणे ७३.९ अंशांवर, म्हणजे पुण्याचा सूर्य घड्याळापेक्षा साधारण ३५ मिनिटं मागे. इजिप्तची प्रमाणवेळ ३० अंशांची आणि लिबियातलं कुफ्रा मरूद्यान २३.३ अंशांवर, तिथे २७ मिनिटं मागे. दुसरी दुरुस्ती पृथ्वीच्या कक्षेमुळे आणि कललेल्या आसामुळे येते: नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य १६ मिनिटं पुढे असतो, फेब्रुवारीच्या मध्याला १४ मिनिटं मागे. म्हणून पुण्यात खरी मध्यान्ह नोव्हेंबरात १२.१८च्या सुमाराला होते आणि फेब्रुवारीत १२.४९ला.

कुफ्राला २१ मार्चला सकाळी साडेनऊला ती २७ मिनिटं विसरलात तर दिशा ६ अंशांनी बिघडते. शंभर किलोमीटरला दहा किलोमीटर.

तक्ता

सूर्याची आकाशातली दिशा, म्हणजे उत्तरेपासून उजवीकडे मोजलेला दिगंश, आधी काढून ठेवावा लागतो. त्या पथकांकडे छापील तक्ते होते. आपण संगणकावर काढू शकतो, किंवा हिशेबाने:

साइन(उंची) = साइन(अक्षांश) × साइन(क्रांती) + कॉस(अक्षांश) × कॉस(क्रांती) × कॉस(तासकोन)

कॉस(दिगंश) = [साइन(क्रांती) − साइन(उंची) × साइन(अक्षांश)] ÷ [कॉस(उंची) × कॉस(अक्षांश)]

तासकोन म्हणजे मध्यान्हापासूनचा प्रत्येक तास १५ अंश. क्रांती म्हणजे सूर्य विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे ते; ती त्या तारखेची, पंचांगात किंवा खगोल तक्त्यात मिळते. दुपारनंतर आलेलं उत्तर ३६० मधून वजा करायचं. सावली सूर्याच्या विरुद्ध पडते, म्हणून दिगंशात १८० मिळवले की ‘सावलीचा आकडा’ तयार.

कुफ्रा, २१ मार्च, सूर्यवेळेनुसार: ९.०० ला २९२, ९.३० ला २९८, १०.०० ला ३०५, ११.०० ला ३२७, १२.०० ला ३६०. आकड्यांची चाल बघा. नऊ ते दहा या तासात सावली १३ अंश फिरते, अकरा ते बारात ३३. सकाळी तक्ता दर अर्ध्या तासाला चालतो, मध्यान्हाजवळ दर दहा मिनिटांनीही कमीच.

उन्हाळ्यात तर बोलायलाच नको. जूनमध्ये कुफ्राला मध्यान्हीचा सूर्य ८९ अंशांच्या वर जातो, सावलीच उरत नाही. गस्ती पथकं भर दुपारी थांबत त्याचं उष्णता हे एक कारण, हे दुसरं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला शून्य सावली दिवस असतो. त्या दिवशी साडेबाराला हा कंपास घेऊन बाहेर पडलात तर अडचण लगेच कळेल.

चालवणं

जायचंय २३० अंशांवर. तबकडी फिरवून २३० बाणासमोर आणा. वेळ ९.३०, सावलीचा आकडा २९८. आता गाडी अशी वळवा की सावली २९८ वर पडेल. झालं, नाक २३० वर आहे. साडेनऊनंतर तोच आकडा दर चार-साडेचार मिनिटांना एक अंश वाढवत न्यायचा.

सावली २९३ वर दिसली तर गाडी ५ अंश उजवीकडे वळली आहे, म्हणजे २३५ वर चाललीय. डावीकडे घ्या. आकडा कमी तर गाडी उजवीकडे, आकडा जास्त तर डावीकडे, हे पाटीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण उन्हात नेमकं हेच उलटं होतं.

टेकड्यांमुळे चालक सरळ जाऊच शकत नसेल, तर उलट वापरा: सावली योग्य आकड्यावर येईपर्यंत तबकडी फिरवा, बाणासमोर येईल ती खरी दिशा. या पद्धतीची खरी ताकद हीच आहे. ठरलेल्या दिशेने जाता आलं नाही तरी गेलो कुठल्या दिशेने हे कळतं.

वही

प्रत्येक वळणाला तीन गोष्टी लिहायच्या: वेळ, दिशा, मीटरचं वाचन. ट्रकवरचा दिशादर्शक जवान दिवसभर मुख्यतः हेच करत असे. समजा २३० वर ४२ किमी, मग २६५ वर १८ किमी. पहिल्या टप्प्यात पश्चिमेला ३२.२ आणि दक्षिणेला २७.०, दुसऱ्यात पश्चिमेला १७.९, दक्षिणेला १.६. बेरीज पश्चिम ५०.१, दक्षिण २८.६. अक्षांशाचा एक मिनिट १.८५ किमी, २७ अक्षांशाजवळ रेखांशाचा एक मिनिट १.६५ किमी, म्हणजे १५.४ मिनिटं खाली, ३०.४ मिनिटं डावीकडे, नकाशावर टिंब.

मीटरवर आंधळा विश्वास नको. मऊ वाळूत चाक जागेवर फिरतं, आणि वाळूसाठी हवा कमी केलेल्या टायरची फिरती त्रिज्या घटते. दोन्हींमुळे मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त अंतर दाखवतो. मोजलेल्या अंतरावर मीटर आधी तपासा आणि मऊ जमिनीची कपात वेगळी धरा.

दिवसभराची साचलेली चूक रात्री काढत. थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, वेगवेगळ्या दिशांच्या ताऱ्यांची उंची मोजायची आणि वायरलेसवरच्या वेळेच्या टिकटिकीशी घड्याळ जुळवायचं. घड्याळ ४ सेकंद चुकलं तर रेखांश एक मिनिटाने, म्हणजे त्या भागात दीड किलोमीटरहून थोडा जास्त सरकतो. वायरलेस बिघडला की नुसते निरोप थांबत नसत, जागाही पुसट होई.

मैदानावर चाचणी

बंद गाडीत छत सावली अडवतं. त्या पथकांचे ट्रक उघडे असत. पाटी हातात घेऊन चालणंच बरं, एकाने पाणसळ बघायची, दुसऱ्याने तक्ता आणि वही.

बरेच जण इथे चौकोन चालतात: १०० मीटर उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम, आणि सुरुवातीला परत पोचलो म्हणून खूश होतात. ही चाचणी फसवी आहे. रेखांशाची दुरुस्ती विसरून सगळ्या दिशा ७ अंशांनी चुकल्या असल्या, तरी चौकोन नुसता फिरतो, बंद मात्र होतोच. त्याऐवजी उपग्रह नकाशावर किलोमीटरभर सरळ जाणारा रस्ता किंवा कालवा शोधा, त्याची दिशा नकाशावरून काढा आणि तबकडी काय सांगते ते ताडून बघा. सकाळी आठला एकदा, अकराला एकदा. दोन्ही वेळी सारखीच चूक आली तर बाण वाकडा काढला गेलाय. अकराची चूक मोठी आली तर आधी घड्याळाची दुरुस्ती तपासा, मग स्पोकला पुन्हा गुण्या लावा.