नर्मदेपार गेलेला बदनाम पूर्वज : जुन्या कागदांत शोधताना या चुका टाळा

शिंदे-होळकरांच्या फौजांबरोबर माळव्यात गेला, पुढे पेंढाऱ्यांत, म्हणजे फौजांच्या आसऱ्याने लुटालूट करणाऱ्या टोळ्यांत, मिसळला म्हणे, आणि तेव्हापासून घरात त्याचं नाव कुणी काढत नाही. असा एखादा पुरुष अनेक घराण्यांत असतो. मोडी पत्रांतून त्याला शोधताना माग सुटतो तो बहुधा सालाच्या घोळामुळे, नाहीतर जुन्या शब्दाला आजचा अर्थ लावल्यामुळे.

साल घाईने ठरवणं

पेशवाईतल्या कागदांत बहुधा सुहूर सन असतो आणि तो अरबी शब्दांत लिहिलेला असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. हे वर्ष मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीस बदलतं. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई याच सालातली : ११६१ अधिक ६००, १७६१. पण साल सौर असलं तरी 'छ ८ जमादिलाखर' अशी तिथी चांद्र महिन्याची असते ('छ' म्हणजे चंद्र, त्या महिन्याचा दिवस). त्यामुळे आधी जंत्रीत, म्हणजे जुन्या-नव्या तारखांच्या कोष्टकात, महिना पाहा, मग ५९९ की ६०० ते ठरवा.

खरा धोका वाचनात आहे. सबा म्हणजे सात, सबैन म्हणजे सत्तर. 'सबैन मया व अलफ' हे ११७०. घाईत 'सबा' वाचलं की झालं ११०७. फरक त्रेसष्ट वर्षांचा. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, त्यामुळे नातवाची लूट सरळ आजोबांच्या माथी बसते आणि वंशावळीत ती चूक कुणाला खटकतही नाही. दोघांची पत्रं वेगळी करायची तर 'बिन' किंवा 'वलद' यापुढचं बापाचं नाव प्रत्येक कागदावर तपासा. एकट्या नावावर किंवा आडनावावर भिस्त ठेवू नका.

पत्राच्या पाठीवर 'पैवस्ती' असेल तर ती पत्र पोचल्याची तारीख. माळव्यातून पुण्याला यायला लागलेले दिवस तिच्यात मिसळलेले असतात. म्हणून फोटो काढताना मागची बाजूही घ्या. चिकटवलेल्या लांब बंदांचे सांधे दिसतील असे फोटो हवेत. सांधा उलगडून मागचा तुकडा निसटलेला असला तर तिथेच कळतं.

फसली साल, म्हणजे महसुली कागदांतलं पीकपाण्याचं साल, दिसलं तर ते दक्षिणी की उत्तरी हे आधी पाहा. दोन्हींत साधारण दोन वर्षांचा फरक पडतो.

शब्दाला आजचा अर्थ लावणं

जमाखर्चात पूर्वजाच्या नावापुढे 'गुन्हेगारी' आणि रुपये दिसले की माणसं हादरतात. त्या सदराचा अर्थ वसूल झालेला दंड एवढाच. तो कशाबद्दल, हे वेगळ्या कागदात शोधावं लागतं. 'हरामखोर' म्हणजे खाल्ल्या मिठाला न जागलेला. बहुतेकदा धन्याची बाजू सोडून गेलेला. 'पुंड' म्हणजे सरकारला न जुमानणारा, वसूल अडवणारा. 'मुलूखगिरी' ही तर सरकारी मोहीम, एकट्याची दरोडेखोरी नव्हे. उलट 'बदअमल' हा शब्द वाईट कारभार समजून लोक सोडून देतात, आणि पेशवाईच्या कागदांत तो व्यभिचाराच्या गुन्ह्यासाठी येतो. म्हणून मोडी वाचकाकडून सारांश घेऊ नका. ओळीला ओळ लावून लिप्यंतर मागा, शंकेच्या अक्षरांवर खूण करायला सांगा.

आरोप करणाऱ्याचाच कागद धरून बसणं

पेंढारी ही जात नव्हती. नाना जातींची, हिंदू-मुसलमान दोन्ही माणसं त्या टोळ्यांत होती. इंग्रजांच्या पेंढाऱ्यांविरुद्धच्या १८१७-१८ च्या मोहिमेनंतरच्या इंग्रजी कागदांत हा शब्द सैल हाताने वापरलेला आढळतो. १८३२ मध्ये फाशी गेलेले उमाजी नाईक त्याच दप्तरात दरोडेखोर ठरले होते. १८७१ च्या कायद्याने तर जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. अशा नोंदवहीत पूर्वजाचं नाव आहे एवढ्यावरून त्याने काही केलं होतं असं म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

घरच्या कागदांचा कल दुसरीकडे असतो. १८५२ च्या कायद्यानंतर इंग्रज सरकारच्या इनाम चौकशीत घराण्यांनी कैफियती, म्हणजे आपल्या हक्काची लेखी हकीकत, दिल्या त्या इनाम टिकवण्यासाठी; तिथे अडचणीचा भाऊ गाळणं सोयीचं होतं. कुलवृत्तान्तात 'निर्वंश' असेल तर वंश संपला असं लगेच धरू नका. 'परागंदा', म्हणजे गाव सोडून गेलेला, असेल तर शोध तिथूनच सुरू करा. वाटणीपत्र काढा : बाप एकच, पण कैफियतीत तीन भाऊ आणि वाटण्या चार, असं निघालं की गाळलेला माणूस सापडला.

फक्त पुण्यात शोधणं

पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात आहे, पण शिंदे-होळकरांकडच्या चाकरीचे कागद तिथेच मिळतील असं नाही. त्यांच्यासाठी मध्य प्रदेशातली दप्तरं पाहावी लागतात. त्याआधी उज्जैनच्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या वह्या ठेवणाऱ्या पुरोहितांकडे, चौकशी करा, नाशिक-त्र्यंबकेश्वरच्याही. जाताना मूळ गाव, शेजारची दोन गावं, आडनाव आणि जुना हुद्दा लिहून न्या, कारण वह्या बहुधा गावावरून आणि कुळावरून लावलेल्या असतात. नोंदीत सोबत आलेल्यांची नावं असतात. घरच्या वंशावळीत नसलेली बायको-मुलं तिथे दिसली, तर त्या पानाची हातची नक्कल करून घ्या आणि फोटोची परवानगी मागा.