जुना प्रीॲम्प घेतलाय? भारीतले कपॅसिटर टाकायच्या आधी हे बघा

मरांट्झ ७, मॅकिंटॉश सी२२ किंवा ऑडिओ रिसर्चचा एखादा जुना प्रीॲम्प (टर्नटेबल वगैरेचा बारीक सिग्नल पॉवर ॲम्प्लिफायरकडे जाण्याआधी सांभाळणारा सेट) हाती लागला की पहिला प्रश्न ठरलेला, कपॅसिटर कुठले टाकू? थांबा जरा. ठाण्याचा घोडबंदर रोड काय नि नवी मुंबईतली वाशी-ऐरोली काय, खाडी बाजूलाच, पावसाळ्यात हवा नुसती ओली, त्यामुळे आपल्याकडे निम्मं अपग्रेड साफसफाईतच होतं आणि ती नीट झाली की महागड्या पार्ट्सचा नाद बऱ्याचदा आपोआप सुटतो.

आधी वीज. अमेरिकन सेट ११७-१२० व्होल्टचा, जपानी १००चा, आपली लाइन २३०. व्होल्टेज बदलायचा सिलेक्टर नसेल तर स्टेपडाउन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लागणारच, तो डबल वाइंडिंगचा, म्हणजे दोन वेगळ्या गुंडाळ्यांचा घ्या, ऑटो ट्रान्सफॉर्मर लाइनपासून वेगळं करत नाही. जपानी सेटला ११०वाला चालतो म्हणणारे भेटतील, ऐकू नका. आणि हा ट्रान्सफॉर्मर टर्नटेबलपासून लांब, नाहीतर कार्ट्रिज (रेकॉर्डवरची सुई बसते तो भाग) हम, म्हणजे घुंऽऽ आवाज पकडतं.

वर्षानुवर्षं बंद असलेला सेट डायरेक्ट लावायचा नाही. इलेक्ट्रिशियनकडे असतो तसा सिरीज बोर्ड, त्यात ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब (एलईडी नको). बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, फुल्ल पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. ट्यूबवाल्या सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये (वीजपुरवठा सपाट करणारे मोठे कपॅसिटर) तसाच बसून राहतो, म्हणून १० हजार ओहम ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपने लावून उतरवा, मग मीटरने बघा, मगच हात. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची हौस नको. हे जमणार नसेल तर सरळ कारागिराकडे द्या, त्यात कमीपणा नाही.

फिल्टरचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलायचेच, व्हॅल्यू तीच, व्होल्टेज तेवढं किंवा जास्त, १०५ डिग्रीचे, पोलॅरिटी दोनदा तपासून. खरी गंमत कपलिंग कपॅसिटरची, जो सिग्नल पुढे सोडतो आणि डीसी अडवतो. व्हॉल्यूम फिरवला की खरखर येते, लोक पॉटमध्ये (व्हॉल्यूमच्या बटणामागचा फिरता रेझिस्टर) स्प्रे मारत राहतात, दोन दिवस बरं वाटतं, परत तेच. बऱ्याचदा पॉट निर्दोष असतो, त्याच्या आधीचा कपॅसिटर लीक होऊन डीसी पुढे सोडत असतो. सेट गरम झाला की मीटरचा काळा प्रोब चॅसीला, लाल पॉटच्या वरच्या टोकाला लावून डीसी मोजा (एक हात खिशात!). शून्याच्या आसपास हवा, व्होल्टभर दिसला तर कपॅसिटर गेला. तिथे चांगला पॉलिप्रॉपिलीन फिल्म बसवा, बास. सोन्याच्या भावाचे कशाला? डीसी नाही आणि तरी खरखर असेल तर मग पॉटचा क्लीनर मारा, गंज काढायचा स्प्रे मात्र नाही.

आरआयएए इक्वलायझेशनचे (रेकॉर्ड कापताना कमी केलेला बेस आणि वाढवलेला ट्रेबल परत मूळ जागी आणणारे) पार्ट उगाच छेडू नका. ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद, या तीन आकड्यांवर सगळा बॅलन्स आहे, २० हर्ट्झला जवळपास २० डीबी वर, २० किलोहर्ट्झला तेवढंच खाली. व्हॅल्यू सरकली असेल तरच बदला आणि दोन्ही चॅनेलचे पार्ट मोजून एक टक्क्यात जुळवा. नाहीतर ट्रेबल थोडा चढतो आणि आपण म्हणतो वा, काय डिटेल आलं!

ट्यूब १२एएक्स७ असेल तर जागेवर तीच, ईसीसी८३ म्हणजे तीच. ईसीसी८२ बसते खरी, पण गेन १०० ऐवजी २०च्या खाली, आवाजच पडतो. पेन्सिलने हलकेच टकटक करा, स्पीकरमध्ये घंटा वाजली तर ती फोनोच्या (टर्नटेबलच्या इनपुटच्या) पहिल्या जागी नको, सगळ्यात शांत ट्यूब तिथे.

एमसी (मूव्हिंग कॉइल, फार कमी व्होल्टेज देणारं) कार्ट्रिज लावायचंय? ०.३ मिलिव्होल्टला जुन्या सेटचा गेन बहुधा पुरत नाही. १:१० स्टेपअप ट्रान्सफॉर्मर लावला की ३ मिलिव्होल्ट मिळतात आणि कार्ट्रिजला फोनो इनपुटचे ४७ हजार ओहम भागिले १०० (१०चा वर्ग), म्हणजे ४७० ओहमचा लोड दिसतो, तो कंपनीच्या कागदाशी ताडून बघा.

पार्ट्ससाठी मुंबईतला लॅमिंग्टन रोड, ग्रँट रोडला उतरून चालत, पण नावाजलेल्या ब्रँडचा कपॅसिटर फारच स्वस्त मिळाला तर मीटरवर तपासल्याशिवाय लावू नका. काढलेले जुने पार्ट लेबल लावून पिशवीत ठेवा, पुढे विकताना ओरिजिनल मागणारे भेटतातच. आणि जुलै-ऑगस्टमध्ये सेट आठवड्यातून दोनदा तासभर तरी चालू ठेवा, बंद कपाटात मात्र नको.