मोकळा इंजिन ब्लॉक किती किलोचा, आणि तो तोलायचा कसा

मोकळा ब्लॉक म्हणजे क्रँक, पिस्टन, रॉड, हेड, संप (खालचं ऑइलचं भांडं), पंप सगळं उतरवल्यावर उरलेलं ओतकाम. क्रँक धरून ठेवणाऱ्या मेन बेअरिंगच्या कॅप मात्र बोल्टसकट त्यातच धरतात. त्या त्याच ब्लॉकवर बसवून बोअर केलेल्या असतात, त्यामुळे जागेवर आणि त्याच क्रमाने राहू द्या.

एक ते दीड लिटरच्या चार सिलिंडरचा बिडाचा ब्लॉक साधारण 30 ते 45 किलो भरतो, अॅल्युमिनियमचा 15 ते 25. शेवरोलेचा जुना 5.7 लिटरचा बिडाचा व्ही-8 ब्लॉक 70 ते 80 किलोंचा. 1997 साली आलेला तेवढ्याच क्षमतेचा अॅल्युमिनियमचा एलएस1 मात्र 49 च्या आसपास. बीड अॅल्युमिनियमच्या अडीचपट जड, तरी ब्लॉकच्या वजनात तेवढा फरक पडत नाही. अॅल्युमिनियमच्या भिंती जाड ओताव्या लागतात आणि बहुतेकांत लाईनर (सिलिंडरच्या आतल्या नळ्या) बिडाचेच असतात. म्हणूनच ब्लॉक बिडाचा की अॅल्युमिनियमचा हे लोहचुंबक बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, लावून कळत नाही, बाहेरच्या अंगाला लावून बघा. पूर्ण इंजिनच्या वजनाचा पाव ते एक तृतीयांश भाग ब्लॉकचा, हा अंदाज टेम्पो ठरवायला पुरतो. इंजिन स्टँड निवडताना मात्र पूर्ण इंजिनचंच वजन धरा. ते पुन्हा त्यावरच जुळवायचं असतं.

तोलण्याआधी ब्लॉकचा ड्रेन प्लग काढून वॉटर जॅकेट (सिलिंडरभोवतीची पाण्याची पोकळी) रिकामं करा. आत राहिलेलं लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, वर गाळ वेगळाच. घरच्या वजनकाट्यावर ब्लॉक थेट ठेवला तर काच फुटते. 18 मिलिमीटरची प्लायवूडची फळी टाकून तिचं वजन आधी नोंदवा, मग ब्लॉक मधोमध ठेवा. मावत नसेल तर दोन काटे, दोन टोकांना, आणि बेरीज.

हुकाचा काटा आणि चेन पुली असेल तर काम सोपं, पण गडबड होते ती इथेच. आय-बोल्ट हेडच्या भोकांत समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावतात. बऱ्याच गाड्यांत तिथले आटे 10 बाय 1.25 चे (10 मिलिमीटर जाडी, दोन आट्यांत 1.25 मिलिमीटर अंतर) असतात, आणि बाजारात मिळणारा साधा बोल्ट 1.5 चा. तो दोन फेऱ्यांनंतर अडला की पान्याने रेटू नका, आटे गेलेच समजा. शिवाय काही ब्लॉकमध्ये आटे भोकात खोलवर सुरू होतात, आखूड बोल्ट जेमतेम दोन आटे पकडतो आणि वर उचलल्यावर निसटतो. आट्यांची पकड बिडात बोल्टच्या जाडीच्या दीडपट, अॅल्युमिनियममध्ये दुप्पट हवी. साखळीचे दोन्ही पाय जमिनीशी 60 अंशांपेक्षा जास्त उभे ठेवा. 30 अंशांवर प्रत्येक पायावर पूर्ण वजनाएवढा ताण येतो आणि आय-बोल्ट आडवा वाकतो.

ब्लॉक खाली ठेवताना हेड बसतं ती गॅस्केटची बाजू वर, खाली लाकूड. डिझेलने धुतलेला बिडाचा ब्लॉक असेल तर बोअरला लगेच इंजिन ऑइलचा हात फिरवा, पावसाळ्यात एका रात्रीत गंज धरतो.