सिलॅबसपासून ब्लॅक बुकपर्यंत : या चुका टाळा

कॉलेज स्वायत्त झालं, म्हणजे स्वतःचा अभ्यासक्रम ठरवायला मोकळं झालं, की पहिल्या वर्षी पेढे वाटतात आणि दुसऱ्या वर्षी सगळ्यांना सिलॅबस लिहायला बसवतात. मी नवी मुंबईत व्यवस्थापन शिकवते. सिलॅबस मंजूर करणाऱ्या अभ्यास मंडळाच्या बैठकांत बरेच मसुदे वाचलेत, दोन-तीन स्वतः बिघडवलेतही. वाचायला बहुतेक मसुदे झकास असतात. अडचण जुलैत सुरू होते, वेळापत्रक हातात आल्यावर.

लक्षण ओळखीचं आहे: पाचवं युनिट दरवर्षी ‘तुम्हीच वाचून घ्या’ म्हणून सुटतं. दोष शिक्षकाच्या वेगाला देतात, पण मूळ असतं गुणाकारात. थिअरीचा १ श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे १५ तास, म्हणून ४ श्रेयांकांचा पेपर ६० तासांचा. इथवर कोणी चुकत नाही. पण आमचं लेक्चर ४८ मिनिटांचं. ६० तास भरायला अशी ७५ लेक्चरं लागतात आणि वेळापत्रकात मिळतात आठवड्याला ४, आठवडे १५, म्हणजे ६०. पाऊस पडायच्या आधीच १५ लेक्चरं बुडाली. मग रुळांवर पाणी, गणपती, अंतर्गत चाचण्या, फेस्टिव्हलच्या तालमी. गेल्या पावसाळी सत्रात माझ्या डायरीत ४६ लेक्चरं निघाली, म्हणजे जेमतेम ३७ तास.

उपाय दोनच. एक, प्राचार्यांकडे पाचवं लेक्चर मागा. १५ पंचे ७५, हिशेब बरोबर जुळतो. ते मिळत नसेल तर एक युनिट काढा. काढायला कोणी तयार नसतं, कारण ज्याने युनिट लिहिलं त्याला ते पोटच्या पोरासारखं. तरी काढा. मसुदा लिहायच्या आधी मागच्या वर्षीच्या हजेरीपटावरून खरी झालेली लेक्चरं मोजून बैठकीत ठेवली की वाद निम्मा होतो.

‘समजेल’ हे कसं कळणार?

बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडली, २००१ मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली, आणि आता आमच्याकडे तिच्या क्रियापदांचा तक्ता व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. त्यातलं ‘विश्लेषण’ उचलायचं आणि निष्पत्तीच्या, म्हणजे शिकून विद्यार्थ्याला काय येईल हे सांगणाऱ्या, ओळीत चिकटवायचं. मग प्रश्नपत्रिका येते: ‘टिपा लिहा, कोणत्याही तीन.’ विश्लेषण कुठे गेलं?

एक उदाहरण सविस्तर बघू. ईओक्यू, म्हणजे एका खेपेला किती माल मागवावा हे सांगणारं सूत्र, फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडलं. मसुद्यात ओळ होती: ‘विद्यार्थ्यांना ईओक्यूची संकल्पना समजेल.’ हे तपासायचं कसं? मी त्याऐवजी आधी प्रश्न लिहिला. वाशीच्या एपीएमसीतून माल उचलणाऱ्या दुकानदाराला वर्षाला ३,६०० गोण्या तांदूळ लागतो. प्रत्येक ऑर्डरमागे खर्च ४५० रुपये, एक गोणी वर्षभर ठेवायचा खर्च ३६ रुपये. दोन गुणिले ३,६०० गुणिले ४५० म्हणजे ३२,४०,०००, त्याला ३६ ने भागलं की ९०,०००, वर्गमूळ ३००. महिन्याला ३०० गोण्यांची एक खेप. इथवर कॅल्क्युलेटर पुरतो. खरा प्रश्न पुढे: हेच उत्तर कांद्याला लावाल का? सूत्र धरून चालतं की मागणी वर्षभर सारखी आहे, भाव हलत नाही आणि माल खराब होत नाही. ऑगस्टात कांद्याच्या गोण्या महिनाभर ठेवून बघा! मुलं यावर भांडतात आणि त्या भांडणातच विश्लेषण होतं. आता निष्पत्तीची ओळ आपोआप सुचते: ‘दिलेल्या मालासाठी ईओक्यू काढता येईल आणि त्याचं कोणतं गृहीतक तिथे टिकत नाही ते सांगता येईल.’ आधी प्रश्न लिहा, ओळ नंतर. उलट क्रमाने गेलात की शब्द जड होतात आणि पेपर हलका.

उचललेल्या मसुद्याबद्दल माझंच सांगते. २०१९ मध्ये आम्ही करांचं एक युनिट जुन्या फायलीतून जसंच्या तसं घेतलं. बैठकीत उद्योगाचे प्रतिनिधी म्हणून महापेच्या एका गोदामाचे व्यवस्थापक आले होते. त्यांनी सामोसा बाजूला ठेवला आणि म्हणाले, “मॅडम, व्हॅट जाऊन दोन वर्षं झाली की.” जीएसटी १ जुलै २०१७ ला लागू झाला होता. माझ्यासकट चार जणांनी त्या पानावर सही केली होती! तेव्हापासून बाहेरच्या सदस्यांकडे मसुदा आठवडाभर आधी जातो, आणि सोबत एकच प्रश्न: यातलं काय आता तुमच्या कामात उरलेलं नाही? चहाच्या टेबलावर कागद वाटले की सगळं एकमताने मंजूर होतं, हे एक दुखणंच आहे.

ओजेटीचंही, म्हणजे ऑफिसात जाऊन घ्यायच्या प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाचंही, असंच. ४ श्रेयांक म्हणजे १२० तास, आणि ते सोयीचे म्हणून एप्रिलात टाकतात. कॉमर्सची मुलं नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात जाऊन पंख्याखाली बसून येतात. तिथे हात कमी पडतात ते जुलैत, वैयक्तिक रिटर्नची ३१ तारीख जवळ आली की. वेळापत्रक बसवायच्या आधी चार ऑफिसांना फोन करून विचारा, तुम्हाला माणसं कधी हवीत. काकांच्या दुकानाची सर्टिफिकेटं यायची बऱ्यापैकी थांबतात.

ब्लॅक बुक

फेब्रुवारी-मार्चमध्ये ठाणे स्टेशनजवळच्या बाइंडिंगवाल्यांकडे विद्यार्थ्यांच्या प्रकल्प अहवालांची, म्हणजे ब्लॅक बुकांची, काळ्या पुठ्ठ्यातली चळत लागते, वर सोनेरी अक्षरं. आत बहुधा तेच ते. विषय ‘ठाणेकरांच्या ऑनलाइन खरेदीच्या सवयी’, उत्तरदाते १००, आणि हे १०० जण कोण? स्वतःच्या वर्गाचा आणि सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. गुगल फॉर्म एका रात्रीत भरतो. निष्कर्षात मात्र दिव्यापासून घोडबंदरपर्यंत सगळे ठाणेकर येतात. नमुना छोटा असणं गुन्हा नाही. तो आहे त्याहून मोठा दाखवू नका. शीर्षकातच ‘अमुक कॉलेजच्या तृतीय वर्षातील विद्यार्थी’ लिहिलं की निम्मे आक्षेप मिटतात.

संशोधनाच्या आढाव्यात ‘अमुक यांनी २०१५ मध्ये म्हटलं, तमुक यांनी २०१७ मध्ये म्हटलं’ अशी रांग लागते. दोघांचं कुठे जुळतं, कुठे पटत नाही, हे एका परिच्छेदात लिहिलं तरी आठ पानांची बचत होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी आढावा तोंडी सांगायला लावते, पुस्तक मिटून. जे सांगता येतं तेवढंच लिहायचं.

आणि टक्केवारी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत प्रबंधाचं दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायचं. ४० ते ६० ला वर्षभर सुधारित प्रत देता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द. लोकांच्या डोक्यात यातला फक्त १० राहतो. मग सॉफ्टवेअरला फसवायला शब्द बदलतात. एका मराठी ब्लॅक बुकात मला ‘काम करणारी राजधानी’ भेटली. तीनदा वाचल्यावर उजेड पडला: वर्किंग कॅपिटल, म्हणजे खेळतं भांडवल. साम्य ४ टक्के आलं होतं, आणि विद्यार्थ्याला स्वतःच्या पानावरचं एक वाक्य समजावता येईना. अवतरणचिन्हात, संदर्भासह दिलेला मजकूर त्या मोजणीतून वगळतात, हेही अनेकांना ठाऊक नसतं. दुसऱ्याचं वाक्य हवंच असेल तर सरळ अवतरणात घ्या, ते सुरक्षित आहे.

तरुण सहकाऱ्यांसाठी शेवटचं. यूजीसीने केअर यादी, म्हणजे मान्य संशोधन मासिकांची यादी, २०२५ मध्ये बंद केल्यापासून ‘तीन दिवसांत प्रकाशन’वाले मेसेज वाढलेत. आयएसएसएन आहे म्हणून मासिक चांगलं, असं नाही. तो नुसता नोंदणीचा क्रमांक. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकांना त्यांच्या विद्यापीठाच्या पत्त्यावर मेल टाकून विचारा. आमच्या एका सहकाऱ्याने पैसे भरायच्या आदल्या दिवशी विचारलं होतं. तासाभरात उत्तर आलं: “या मासिकाचं नाव मी आज पहिल्यांदाच ऐकतोय. माझा फोटो कोणता लावलाय तेवढं कळवाल का?”